अडीचची जाग

रात्री अडीचला डोंबिवली गप्प असते. शेवटची लोकल गेलेली, पहिली यायला अजून वेळ. जिन्यातल्या ट्यूबची गुणगुण, समोरच्या टाकीतून ठिबकणारं पाणी आणि ह्यांचं घोरणं. हे तीन आवाज मला तोंडपाठ आहेत, कारण जवळजवळ दीड वर्ष मी रोज अडीचला टक्क जागी होऊन ते ऐकत पडलेली असायचे.

माझं घरगुती पोळी-भाजी केंद्र आहे. रोज 40 डबे, शिवाय सुट्या पोळ्या, म्हणजे सगळ्या मिळून 240 च्या आसपास. मला पहाटे चारला उठावंच लागतं. डबा न्यायला येणाऱ्या दोघी-तिघींनी गेल्या महिन्याभरात विचारलं, "काकू, तुम्ही झोपेच्या गोळ्या सोडल्यात म्हणे, कशा?" दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखी ती गोष्ट नाही. म्हणून इथे बसून नीट लिहिते.

सुरुवात अण्णांपासून झाली. माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि शेवटचे आठ महिने ते आमच्याकडे अंथरुणाला खिळून होते. अशा माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवावं लागतं. साडेदहाची पाळी ह्यांची, साडेबाराची लेकीची, ती तेव्हा अभ्यासाला जागीच असायची, आणि अडीचची माझी. एक हात मानेखाली, एक कमरेखाली, मग पाठीशी उशी लावायची. अण्णांना बोलता येत नसे, पण वळवून झालं की ते उजव्या हाताची दोन बोटं हलवायचे. झालं, जा आता, झोप, असा त्याचा अर्थ. डिसेंबर 2022 मध्ये अण्णा गेले. अडीचची जाग राहिली. अंग आपोआप उठून बसायचं, पाय जमिनीला टेकायचे आणि मग लक्षात यायचं, की आता कुणाला वळवायचं नाही.

दुःख आहे, निवळेल, असं म्हणत दोन महिने काढले. पण मग मी उपाय करायला लागले. रात्री झोप होत नाही तर ती भरून काढायला हवी, हा माझा सरळ हिशेब. साडेनऊची सवय मोडून साडेआठलाच अंथरुणावर जाऊ लागले. दुपारी डबे गेले की दीड ते साडेतीन पडायचं. रविवारी केंद्र बंद, तेव्हा आठपर्यंत लोळायचं. आणि दिवस ढकलायला चहा. चारचा, सातचा, दहाचा, जेवणानंतरचा, दुपारी उठल्यावरचा, संध्याकाळी भाजीवाला येऊन गेला की आणखी एक. रात्री अडीचला उशाशी ठेवलेला फोन उचलायचा, वेळ बघायची आणि मनात आकडेमोड सुरू. आता लागली तर दीड तास मिळेल. आता लागली तर सव्वा तास. आता पाऊणच. साडेतीनच्या सुमारास कधीतरी डोळा लागायचा आणि साखरझोपेत शिरतेय तोच गजर.

मार्च 2023 मध्ये डॉक्टरांनी मला अल्प्राझोलमची अगदी कमी ताकदीची गोळी लिहून दिली, पंधरा दिवसांपुरती. त्यांची काही चूक नव्हती, पंधराच दिवस म्हणाले होते. पहिल्या रात्री मी सलग सहा तास झोपले आणि सकाळी कणीक मळताना मला रडू आलं, इतकं हलकं वाटलं. पंधरा दिवसांचे चौदा महिने मी केले. हे औषध चिठ्ठीशिवाय देऊ नये आणि दुकानदाराने त्याची वेगळी नोंद ठेवावी असा 2014 पासून नियम आहे. पण ओळखीच्या दुकानात तीच जुनी चिठ्ठी दाखवली की पट्टी मिळायची. सहा महिन्यांत एका गोळीने भागेना, दोन झाल्या. आणि अडीचची जाग परत आली. फरक एवढाच, की आता डोकं जड घेऊन जागी असायचे.

एप्रिल 2024 मधली एक पहाट. पोळ्यांचा मोठा तवा मी गॅसवर ठेवला, मोठी आच केली आणि कणीक आणायला आत गेले. आत गेले ती पिठाच्या डब्याला टेकून तिथेच बसून राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. लेक धुराच्या वासाने उठून आली तेव्हा तवा लालबुंद झाला होता आणि वरच्या फळीवरच्या प्लॅस्टिकच्या बरण्या वाकायला लागल्या होत्या. तिने गॅस बंद केला, मला हाताला धरून उठवलं. ओरडली नाही. म्हणाली, "आई, आज आपण डॉक्टरकडे जायचं." त्या दिवशी आमच्याकडून एकही डबा गेला नाही. केंद्र सुरू केल्यापासून तसं पहिल्यांदाच झालं.

या वेळी लेकीने मनोविकारतज्ज्ञ बाई शोधल्या. मी सासूबाईंना सांगितलं, की गुडघ्याच्या डॉक्टरकडे चाललेय. आज त्याचं वाईट वाटतं. झोपेसाठी मनोविकारतज्ज्ञाकडे जाणं यात लपवण्यासारखं काही नाही, हे कुणीतरी मला आधी ठणकावून सांगायला हवं होतं.

बाईंनी आधी रक्त तपासायला लावलं. थायरॉइड आणि शरीरातला लोहाचा साठा. लोह कमी असलं तर रात्री पाय वळवळतात, स्वस्थ पडू देत नाहीत, आणि बायकांमध्ये हे खूप आढळतं. माझं सगळं ठीक निघालं. पाळी जाण्याच्या वयात रात्री अंगातून वाफा निघून जाग येते, तेही त्यांनी खोदून खोदून विचारलं. थोडं होतं, पण मुख्य दुखणं ते नव्हतं. मग त्या म्हणाल्या, दोन आठवडे फक्त लिहा. रोज सकाळी, अंदाजाने. रात्री घड्याळ बघायचं नाही.

मी कालनिर्णय वापरलं. स्वयंपाकघराच्या दाराआड ते टांगलेलं असतं आणि त्यावर आमचा दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला, मावशींचे खाडे, सगळं लिहिलेलं असतं. दुधाच्या आकड्याखाली मी लिहायला लागले: अंथरुणावर कधी गेले, कधी उठले, मधे किती झोपले असेन. चहाचे ठिपके. गोळीला फुली. चतुर्थी-एकादशीच्या चौकोनात जागा पुरायची नाही, मग समासात. पौर्णिमा-अमावास्येचा काही संबंध दिसतो का तेही मी पाहिलं. नाही दिसला.

दोन आठवड्यांनी बाईंनी माझं मे महिन्याचं पान टेबलावर पसरलं आणि हिशेब केला. मी रोज साडेसात तास अंथरुणात होते आणि सरासरी चार तास पन्नास मिनिटं झोपत होते. म्हणजे अंथरुणातल्या दर शंभर मिनिटांपैकी चौसष्ट मिनिटं झोप आणि उरलेली छत्तीस तळमळ. "तुमच्या अंथरुणाला तळमळीची सवय लागली आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मला त्या दिवशी पटलं नव्हतं. आज मात्र वाटतं, की मला सापडलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. झोप मोडते एका कारणाने आणि मोडलेली राहते दुसऱ्याच कारणाने. माझी मोडली अण्णांच्या आजारपणाने. पण ते गेल्यावर तिला मोडलेली ठेवली माझ्याच उपायांनी. साडेआठचं अंथरूण, दुपारचे दोन तास, रविवारचं लोळणं, सहा कप चहा, अडीचची आकडेमोड. मी ज्याला औषध समजत होते तेच दुखणं होतं.

ही त्यांची स्वतःची कल्पना नव्हे. अमेरिकेतले आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये अंथरुणातला वेळ कमी करण्याची पद्धत मांडली. त्याआधी 1972 मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी दाखवून दिलं होतं, की झोप येत नसेल तर अंथरूण सोडून उठावं, म्हणजे अंथरूण आणि झोप यांची सांगड पुन्हा बसते. ही नावं मी बाईंकडून कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहून घेतली, कारण मला घरी जाऊन ह्यांना पटवायचं होतं. आणि 2016 मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने तर स्पष्टच सांगितलं, की जुनाट निद्रानाशावर आधी ही वागणुकीची उपचारपद्धती द्या, गोळ्यांचा विचार नंतर.

तर मला मिळालेलं वेळापत्रक असं: रात्री साडेदहाच्या आत अंथरुणाला पाठ लावायची नाही आणि चारला उठायचं. रविवारीही चारलाच. दुपारी झोप नाही.

म्हणजे जिला झोप मिळत नव्हती तिला आणखी कमी झोपायला सांगितलं होतं. घरी येऊन मी लेकीवर चिडले. पण तव्याची ती पहाट डोळ्यासमोरून जात नव्हती, म्हणून ऐकलं.

पहिले दहा दिवस फार कठीण गेले. साडेआठ ते साडेदहा हे दोन तास कसे काढायचे तेच कळेना. टीव्हीसमोर बसलं की मान कलंडायची. शेवटी मी उभ्याने घालवायला लागले. इस्त्री, उद्याच्या डब्यांना चिठ्ठ्या, वाटाणे सोलणं. बाईंनी आधीच बजावलं होतं, की या दिवसांत दुपारी झापड येईल, तेव्हा गाडी चालवू नका, उकळत्या तेलाजवळ जाऊ नका. माझी धाकटी जाऊ पंधरा दिवस रोज पहाटे कढई सांभाळायला आली. भजी, पुऱ्या, वडे, सगळं तिने तळलं. मी फक्त लाटत होते. तिच्याशिवाय हे झालंच नसतं. तुम्ही करणार असाल तर आधी अशी जाऊ शोधून ठेवा, एवढं कळकळीने सांगते. आणि फिट्स येत असतील, मनाचा दुसरा काही आजार असेल किंवा नोकरीच वाहन चालवायची असेल, तर हे स्वतःच्या मनाने मुळीच करू नका.

अकराव्या की बाराव्या रात्री मी साडेदहाला पडले आणि पुढचं मला आठवत नाही. कूस बदललेलीही आठवत नाही. जाग आली ती थेट गजराने.

तरी अडीचची जाग लगेच गेली नाही. बाई म्हणाल्या, रात्रीत सगळ्यांनाच अनेकदा जाग येते. झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते, फेरी संपली की माणूस वर येतो, परत खाली जातो आणि सकाळी त्याला ते आठवतही नाही. गाढ झोप बहुतेक पहिल्या अर्ध्या रात्रीत होऊन गेलेली असते. म्हणजे जाग येणं हा रोग नाही. जाग आल्यावर मी जे करत होते तो रोग. त्यांनी नियम घालून दिला, की पंधरा-वीस मिनिटं झाली असं वाटलं, अंदाजानेच, की उठायचं, बाहेरच्या खोलीत जायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि डोळे मिटायला लागले की परत जायचं. फोन नाही, घड्याळ नाही.

मी लसूण सोलायला घेतला. तीन रात्रींत पाव किलो लसूण सोलून झाला आणि मला बरंच वाटलं, उद्याचं काम उरकलं म्हणून. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, हे बंद करा. रात्री उठून काम उरकतं हे शरीराला कळलं, की ते रोज उठवेल. ज्याचा उद्या काही उपयोग नाही असं काहीतरी करा.

मग मला वाती सुचल्या. आई असताना चातुर्मासात आम्ही दोघी वाती वळायचो. कापसाच्या पेळूतून चिमूट ओढायची, सरकीचा कण राहिलेला असेल तर काढून टाकायचा, दोन बोटांना किंचित दूध लावायचं आणि तळहातावर पीळ द्यायचा. फुलवात असेल तर खाली गोल बूड आणि वर टोक. देवघरापाशी झिरोच्या दिव्यात मी जमिनीवर बसायचे. कापूस हलका असतो, घाई केली की तुटतो. हात आपोआप सावकाश होतात. श्वासही त्या पिळाच्या लयीत यायचा. आधी पंचवीस-तीस वाती व्हायच्या तेव्हा कुठे पापणी जड व्हायची. मग वीस. मग दहा-बारा. वळलेल्या वाती मी बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि सकाळी कालनिर्णयावर आकडा लिहायचे.

एक सांगायचं राहिलं. त्या रात्रींमध्ये मी अण्णांसाठी रडून घेतलं. आधी अडीचला जाग आली की मी आकडेमोड करत होते, त्यांची आठवण येऊ देत नव्हते, कारण रडलं तर झोप लांबेल ही भीती. वाती वळताना ती भीती नव्हती. हातात कापूस, डोळ्यांत पाणी, आणि ते दोन बोटं हलवणं डोळ्यासमोर.

दुपारच्या झोपेबद्दल बाईंनी जे समजावलं ते मी माझ्या पद्धतीने सांगते. सकाळी उठल्यापासून मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि जितकं साठेल तितकी झोपेची ओढ वाढते. इडलीचं पीठ आंबत ठेवतो ना, तसं. पुरता वेळ मिळाला तर रात्री ते फुगून काठोकाठ येतं. दुपारी दोन तास झोपलं, की अर्धं फुगलेलं पीठ ढवळून खाली बसवलं. आणि चहातलं कॅफिन या अ‍ॅडेनोसिनची जागाच अडवून बसतं, म्हणून आपल्याला तरतरी वाटते. पोटात गेलेलं कॅफिन अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. माझा सहाचा चहा रात्री अकराला अर्धा शिल्लक असायचा! आता मी चारचा, सातचा आणि दहाचा, असे तीनच कप घेते. दुपारी गवती चहाची पात आणि आलं घालून नुसता काढा, चहापूड न घालता. पहिला आठवडा डोकं ठणकलं, पुढे काही नाही. वेळापत्रक बसल्यावर दुपारी वीस मिनिटांच्या डुलकीला परवानगी मिळाली. ती मी खुर्चीत बसूनच घेते, आडवी होत नाही.

दुसरं म्हणजे ऊन. चार ते अकरा मी स्वयंपाकघरात ट्यूबखाली असते आणि आमचं स्वयंपाकघर चौकाकडे, तिथे सूर्य कधी डोकावतच नाही. उजेड लक्समध्ये मोजतात. घरातला उजेड काहीशे लक्सचा, आणि गच्चीवर सकाळी सावलीत बसलं तरी कित्येक हजारांचा. शरीराचं घड्याळ लावायला डोळ्यांवर तो उजेड पडावा लागतो. 2017 चं वैद्यकाचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांनी हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं तेच शोधून काढलं होतं. मी त्यावर सोपा तोडगा काढला. सात वाजता पोळ्यांची पहिली खेप झाली की दुसऱ्या दिवशीची भाजी निवडायला गच्चीवर जाते. मेथी, पालक, चवळी, गवार, जे असेल ते. मावशी आणि मी वर्तमानपत्र पसरून अर्धा तास बसतो. पावसाळ्यात जिन्याच्या तोंडाशी. रविवारी चारला उठून काय करायचं हा मोठा प्रश्न होता. थोडी आवराआवर केली की उजाडायच्या वेळी गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाते आणि फडके रोडवरून परत येते. दिवाळीच्या पहाटे जो रस्ता माणसांनी फुललेला असतो, तो त्या वेळी अगदी रिकामा असतो.

फोनचं एक वाक्यात सांगते: डब्यांची ऑर्डर आता रात्री आठपर्यंतच घेते. आधी लोक साडेदहाला मेसेज करायचे, "उद्या दोन पोळ्या जास्त," आणि माझं डोकं तिथून कणकेच्या हिशेबाला लागायचं. सुरुवातीला दोघांनी डबा बंद केला. बाकीच्यांना पंधरा दिवसांत सवय झाली. आठला मी उद्याचं सगळं वहीत लिहून टाकते, कणीक किती, उपास कुणाचा, सिलिंडर कधी लावला, आणि वही ओट्यावर ठेवून दिवा मालवते.

घरगुती उपायांबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. गरम दूध, खसखस, अश्वगंधा, मी सगळं करून पाहिलं. दूध पोटाला बरं, एवढंच म्हणेन. जायफळाबद्दल मात्र जपून. चिमूटभर ठीक आहे. मी एका रात्री वैतागून अर्धं जायफळ सहाणेवर उगाळून दुधातून घेतलं. दुसरा अख्खा दिवस तोंडाला कोरड, छातीत धडधड आणि चालताना जमीन हलल्यासारखी. जास्त जायफळ विषारी असतं हे मला बाईंकडून कळलं. लहान बाळांना जायफळ उगाळून देणाऱ्या आज्यांना तर मी हात जोडून सांगते, नका देऊ.

काशाची वाटी हा उपाय मात्र मी ठेवला आहे. अण्णांच्या तळपायांना मी शेवटच्या महिन्यांत रोज त्या वाटीने तूप चोळायची. ते गेल्यावर वाटी माळ्यावर टाकली होती, बघवत नव्हती. लेकीने ती काढून चिंचेने घासून दिली. तळपाय काळे होतात, लोक म्हणतात अंगातली उष्णता निघाली. तो काळेपणा काशाचा आणि तुपाचा असतो. पण पाय गरम होतात हे खरं, आणि गरम पायांना झोप लवकर लागते हेही खरं. 1999 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी नेमकं हेच मांडलं होतं. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की शरीराच्या गाभ्यातली उष्णता बाहेर पडते, गाभा थंडावतो आणि झोप उतरते. झोपायच्या तास-दीड तास आधी गरम पाण्याने अंघोळ केली तरी तेच घडतं. माझी आई पाय धुऊन, पुसून, तेल लावूनच अंथरुणावर जायची. तिला कुणी कारण सांगितलं नव्हतं.

गोळ्या सोडल्या त्या या सगळ्याच्या जोडीने, आणि बाईंच्या देखरेखीखाली. त्यांनी ताकद थोडी थोडी कमी करत नेली, दर दोन आठवड्यांनी एक पायरी. प्रत्येक पायरीला दोन-तीन रात्री झोप बिघडायची आणि परत बसायची. हे सांगून ठेवलं नसतं तर मी घाबरून परत पट्टी आणली असती. ही औषधं एकदम बंद करणं धोक्याचं असतं, फिट येऊ शकते. त्यामुळे माझं वाचून कुणी आज रात्री पट्टी कचऱ्यात टाकू नये. आधी लिहून देणाऱ्याशी बोला. सप्टेंबर 2024 च्या एका चौकोनात गोळीची शेवटची फुली आहे.

झोपायची वेळ त्या काळात हळूहळू मागे सरकत गेली. अंथरुणातल्या शंभरातली पंच्याऐंशी मिनिटं झोप झाली, की पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं बक्षीस. साडेदहाचे सव्वादहा, मग दहा. गणपतीत पाहुणे आले तेव्हा दोन आठवडे काहीच सरकलं नाही. आज मी सव्वानऊला पडते आणि चारला उठते. पावणेसात तासांतले सव्वासहा तरी झोपते.

ह्यांच्या घोरण्याचंही सांगते, कारण ते मी दीड वर्ष नुसतं ऐकत होते आणि त्यातलं काही मला कळलं नव्हतं. घोरता घोरता मधेच आवाज थांबायचा, श्वासही थांबायचा आणि मग हिसका देऊन सुरू व्हायचा. बाईंना सहज बोलले, तर त्यांनी ह्यांनाच तपासायला पाठवलं. झोपेत श्वास अडकण्याचा तो आजार निघाला. आता ते रात्री मास्क लावून झोपतात. त्यावर वाती, काढा, काशाची वाटी यातलं काही चालत नाही. शेजारचं माणूस असं घोरत असेल तर त्याला आधी डॉक्टरकडे न्या.

अडीचला अजूनही कधी कधी जाग येते. अण्णांच्या श्राद्धाच्या आसपास हमखास. मी उठते, झिरोच्या दिव्यात बसते, पाच-सहा वाती होतात न होतात तोच डोळे मिटायला लागतात. 2024 च्या त्रिपुरी पौर्णिमेला मी देवळात वाती दिल्या, तेव्हा तो पत्र्याचा डबा दाबून भरलेला होता, चौदाशेच्या वर होत्या. यंदा दिवाळीच्या आदल्या दिवशी लेकीने डबा उघडला, तर तळाशी जेमतेम नऊ. फडके रोडवर जाऊन आम्हाला वाती विकत आणाव्या लागल्या.